विदर्भातील गावांची दारे : प्रवासात टिपलेली छायाचित्रे आणि त्यांच्यासोबत आलेल्या आठवणी

वर्धाकाठ

विदर्भात फिरताना मी कित्येक वर्षे दारांची छायाचित्रे काढत आले आहे. त्याविषयी माझे एक मत आता पक्के झाले आहे आणि ते आपल्यासमोर ठेवण्यासाठी हा धागा काढते आहे. गावातील दाराचे छायाचित्र घरच्या माणसाला विचारून काढावे, दाराच्या बाहेरच्या बाजूइतकीच आतली बाजूही टिपावी, आणि घरच्यांनी त्या दाराविषयी जे सांगितले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. बाहेरून दिसते ती सुताराची कारागिरी आणि घराची ऐपत. आतल्या बाजूवर काय आहे, हे मात्र दार उघडल्याखेरीज कळत नाही.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचा दिल्ली दरवाजा, अकोट तालुक्यातील नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार, चंद्रपूरच्या परकोटाचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे यांची छायाचित्रे शेकडो लोकांनी काढली आहेत आणि पुढेही काढतील. मीही काढली. परंतु त्या वास्तूंची नोंद कुठे ना कुठे झालेली आहे. कारंजा लाडच्या एखाद्या बोळातील, वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या गावातील किंवा ब्रह्मपुरीच्या आसपासच्या धानपट्ट्यातील साध्या घराचे दार कोणत्याही यादीत नाही. घरावर स्लॅब टाकायचे ठरले की सर्वांत आधी निघते ते दार, कारण त्यातले सागवान विकले जाते आणि माती जागच्या जागी राहते.

गावाची वस्ती आपल्याकडे पांढरीवर असते आणि शेत काळीत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. जिथे पांढरी संपून घरे काळ्या मातीवर सरकली, तिथे पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात. अशा घरांची दारे श्रावणात अडकतात आणि वैशाखात सैल होतात. चौकटीच्या कोपऱ्यापाशी भिंतीला गेलेली तिरपी भेग मी मुद्दाम छायाचित्रात घेते, कारण ते घर कोणत्या मातीवर उभे आहे हे ती भेग सांगते.

दाराच्या बाहेरच्या बाजूवर सरकार लिहिते, हेही मला फिरताना हळूहळू उमगले. जनगणनेचे क्रमांक, पल्स पोलिओच्या फेरीनंतर आरोग्यसेविकेने खडूने केलेली खूण, हिवतापाच्या फवारणीची तारीख, घरकुलाचा क्रमांक, नळजोडणीचा क्रमांक, हे सारे दारावर किंवा दारालगतच्या भिंतीवर एकावर एक चढलेले असते. पल्स पोलिओ मोहीम देशात १९९५ मध्ये सुरू झाली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या मधल्या काळात एकेका उंबरठ्यावर किती वेळा कोणी येऊन उभे राहिले असेल, याचा अंदाज दारावरच्या पुसट खुणांवरून येतो. पुढच्या रंगाबरोबर त्या जातात. म्हणून नवा रंग लावलेल्या सुंदर दारापेक्षा खुणांनी भरलेले जुने दार मला अधिक मोलाचे वाटते.

आतल्या बाजूवर घर लिहिते. आर्वी तालुक्यात वर्धा नदीकाठी आमच्या आजोळचे घर होते. तिथल्या डाव्या कवाडाच्या आतल्या अंगाला आजोबांच्या हातचा कापूसवेचणीचा हिशेब होता. वेचणाऱ्या बायांची मजुरी वजनावर असे, त्यामुळे संध्याकाळी ओसरीवर काटा लागला की प्रत्येकीच्या नावापुढे आकडा पडे, आणि वही सापडली नाही तर तो खडूने दारावर पडे. दिवाळीपूर्वी आजी सारे घर सारवत असे, पण ते कवाड पुसू देत नसे, कारण चुकारा पूर्ण झालेला नसे. त्याच कवाडावर थोडे खाली आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा होत्या. माझी रेघ ज्या फळीवर होती त्या फळीला गाठ होती, आणि ती गाठ बोटांना कशी लागायची हे मला आजही आठवते. घर भावकीत वाटले गेले, कवाडे निघाली आणि त्या दाराचे एकही छायाचित्र कोणाजवळ नाही. तेव्हापासून कोणत्याही गावी दार टिपताना मी विचारते, "आतून पाहू का?"

बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. दारव्ह्याकडे एका आजींनी तर मलाच बजावले होते, "काढ नं बाई फोटो, पन आंधी दार त उघडू दे." त्यांच्या दाराच्या मागे तीन पिढ्यांच्या लग्नांतले कुंकवाचे हात होते.

आपण प्रवासात पाहिलेली, आपल्या घरची, आता नसलेली दारे यांच्याविषयी इथे लिहावे, ही विनंती.

सुतारकी

वर्धाकाठ ताई, माझे वडील आणि आजोबा यवतमाळ जिल्ह्यात सुतारकाम करत, मीही काही वर्षे त्यांच्या हाताखाली काम केले आहे. त्यामुळे दाराच्या बांधणीविषयी थोडे लिहितो. छायाचित्र काढणाऱ्याने काय पाहावे हे त्यातून कळेल.

आपल्याकडील जुन्या दारांना लोखंडी बिजागरी नसे. कवाडाच्या कडेच्या फळीलाच वर आणि खाली लाकडी कुसू काढलेले असते आणि ते उंबरठ्यातील व वरच्या पट्टीतील खोबणीत फिरते. याचा अर्थ असा, की चौकट आधी आणि दार नंतर असे काम करताच येत नाही. कवाडे बसवूनच चौकट भिंतीत उभी करावी लागते. म्हणून जुने दार काढायचे तर भिंत फोडावी लागते. चौकटीची वरची पट्टी दोन्ही बाजूंनी हातभर भिंतीत शिरलेली असते, त्यामुळे मातीच्या भिंतीचे वजन ती पेलते आणि काळ्या मातीने भिंत थोडी हलवली तरी चौकट एकसंध राहते. उंबरठा उंच असण्यामागे पाणी, विंचू-साप आणि कोंबड्या ही तिन्ही कारणे वडील सांगत. दोन कवाडांमधील फट झाकणारी मधली पट्टी एकाच कवाडाला ठोकलेली असते, त्यामुळे कोणते कवाड आधी लावायचे हे ठरलेले असते. रात्री मागून अडसर सरकवला की तो दोन्ही बाजूंच्या भिंतीतील भोकांत बसतो. ताई म्हणतात त्याप्रमाणे आतली बाजू टिपताना ही भोके अवश्य घ्यावीत. त्यांवरून भिंतीची जाडी कळते.

लाकडाविषयी सांगायचे तर आलापल्ली आणि मेळघाटचे सागवान नावाजलेले आहे. सागाच्या लाकडात मूळचेच तेल असते, म्हणून त्याला उधई सहसा लागत नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलेले सागवानही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले होते आणि ते बल्लारपूरहून रवाना झाले होते. परंतु गावातील प्रत्येक घराला सागवान परवडत नसे. बाभूळ, कडुनिंब, ऐन, बीजा, ज्या भागात जे मिळे ते वापरले जाई, आणि बाभळीची चौकट सागवानाच्या चौकटीइतकी सरळ राहत नाही. वाकलेली चौकट दिसली तर कारागीर कच्चा होता असे कृपया समजू नये.

जुन्या दारांना आपल्याकडे जवसाचे तेल लावत. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडावर पातळ थर धरते. गोडेतेल किंवा सरकीचे तेल तसे घट्ट होत नाही आणि धूळ धरून दार चिकट होते. ज्यांना घरचे दार जपायचे आहे त्यांनी ऑइल पेंटचे थर चढवण्यापेक्षा दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या तोंडी जवसाचे तेल पातळ हाताने लावावे. एक खबरदारी मात्र फार महत्त्वाची आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण तेल वाळताना उष्णता सोडते आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

झाडीपट्टीकर

आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत वऱ्हाडासारखे मोठे वाडे थोडे, त्यामुळे छायाचित्रे काढणारे इकडे सहसा येत नाहीत. पण दाराशी जेवढे सण आमच्याकडे बांधलेले आहेत तेवढे क्वचितच कुठे असतील. आषाढी अमावास्येला जिवतीच्या दिवशी लोहार घरोघरी येऊन चौकटीवर खिळा ठोकतो आणि त्याला धान्य दिले जाते. दाराला कडुनिंबाची डहाळी खोचली जाते. जुन्या चौकटीवर ओळीने ठोकलेले, गंजलेले खिळे दिसले की ते घर किती पावसाळे पाहून उभे आहे याचा अंदाज करता येतो. पुढे पोळ्याला पळसाच्या फांद्या, ज्यांना आम्ही मेढे म्हणतो, दाराशी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "घेऊन जा गे मारबत" असा पुकारा करत त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. बाहेरगावचा माणूस पोळ्याच्या दिवशी बैलांची छायाचित्रे काढतो आणि मेढ्यांकडे त्याचे लक्ष जात नाही. यंदा कोणी आलात तर पोळ्याच्या संध्याकाळी दारे पाहा.

आता जे लिहितो ते थोडे जड आहे. वैनगंगेवरील गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढील अनेक वर्षांत नदीकाठची गावे उठली. माझ्या मावशीचे गाव त्यांपैकी एक. पाणी येण्याआधी लोकांनी घरे स्वतःच्या हाताने उतरवली. कवेलू (कौले), मयाली (तुळया), वासे आणि दारे ट्रॅक्टरवर लादून नव्या गावठाणात नेली. नव्या जागी भूखंड सारखे आखलेले, रस्ते सरळ, आणि सिमेंटच्या भिंतीला जुने दार बसेना, कारण वर सुतारकी यांनी सांगितले तसे त्याची पट्टी हातभर भिंतीत शिरायला हवी आणि नऊ इंची भिंतीच्या मापात ते जमत नव्हते. काहींनी पट्टी कापून दार बसवले. काहींची दारे आजही गोठ्याला लावलेली आहेत. मावशीच्या घरी सिमेंटच्या भिंतीत ते जुने दार आहे, आणि पूर्वी ते पूर्वेला नदीकडे उघडत असे, आता दक्षिणेला रस्त्याकडे उघडते. मावशी अजूनही त्याला "नदीकडचे दार" म्हणते. मी त्याचे छायाचित्र काढले आहे, पण पाहणाऱ्याला त्यात एक साधे जुने दार तेवढे दिसते. ताईंचा मुद्दा मला यासाठी पटतो की सोबत लिहून ठेवले नाही तर या छायाचित्राचा अर्थ माझ्याबरोबर जाईल.

वर्धाकाठ

झाडीपट्टीकर, पुनर्वसित गावठाणांतील दारांची स्वतंत्र नोंद करायला हवी. निम्न वर्धा आणि बेंबळा प्रकल्पांच्या गावांतही मी कापलेल्या पट्ट्यांची दारे पाहिली आहेत, आणि त्यांचे कारण आज आपल्या लिहिण्यातून कळले. मावशींच्या दाराची जुनी दिशा आणि नवी दिशा, दोन्ही छायाचित्रासोबत लिहून ठेवाव्यात अशी विनंती करते.

माजघर

या धाग्यावर आतापर्यंत पुढच्या दाराविषयीच लिहिले गेले आहे. माझे म्हणणे मागच्या दाराविषयी आहे.

मी अमरावती जिल्ह्यातील एका गावात सून म्हणून आले तेव्हा पुढच्या दाराने बाहेर पडण्याचे प्रसंग माझ्या वाट्याला थोडेच येत. सासरे आणि त्यांच्याकडे आलेली माणसे ओसरीवर बसलेली असत, त्यामुळे पाणी, सरपण, शेण, शेजारीण, माहेरून आलेला निरोप, हे सारे परसदाराने होत असे. ते दार एकाच कवाडाचे, बुटके, आणि त्यावर कोरीव काम अजिबात नव्हते. कडीच्या जागी तारेचा आकडा होता. पण त्या दाराच्या खालच्या फळीला जी झिलई होती ती पुढच्या दाराला कधीच नव्हती, कारण दोन्ही हातांत घागरी असल्या की दार पायाने ढकलावे लागे आणि हे आमच्या घरात कित्येक बायांनी कित्येक वर्षे केले होते. माझ्या सासूबाई मला म्हणाल्या होत्या की नव्या सुनेला घर कोणते ते पुढच्या दारावरून कळते आणि घर कसे आहे ते मागच्या दारावरून कळते. त्यांचे हे वाक्य मला फार खरे वाटते.

मागच्या दाराच्या चौकटीवर आतून काय असे तेही सांगते. दुधाच्या रतिबाच्या रेघा, गाभण गाईची तारीख, बचत गटाच्या हप्त्याचा दिवस, आणि एका कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेली घराची दुसरी किल्ली. गावात फिरणारी मंडळी कॅमेरा घेऊन समोर उभी राहतात आणि वाड्याचे नक्षीकाम टिपून निघून जातात. छायाचित्र काढणारी जर बाई असेल, तर तिला परसापर्यंत जाणे सोपे असते. वर्धाकाठ ताई, आपण आतली बाजू टिपता हे चांगलेच करता. यापुढे घरातल्या बाईला विचारून मागचे दारही टिपावे, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट आणखी. दाराच्या अर्ध्या कवाडाआड उभी असलेली, पदर डोक्यावर घेतलेली बाई हे चित्र अनेकांना फार आवडते. तिला छायाचित्रात यायचे आहे की नाही हे तिलाच विचारावे. घरातील पुरुषाने "काढा काढा" म्हटले म्हणजे तिची परवानगी मिळाली असे होत नाही.

उजेड

छायाचित्रणाच्या बाजूने थोडक्यात. मोबाइलच्या रुंद लेन्सने दार टिपले की कडा बाहेर झुकतात, म्हणून दोन पावले मागे जाऊन साध्या लेन्सने टिपावे आणि मोबाइल दाराच्या मध्याच्या उंचीवर, दाराला समांतर धरावा. उंबरठा आणि वरची पट्टी दोन्ही पूर्ण यायला हवीत. आपल्याकडे चैत्र-वैशाखाचे ऊन इतके प्रखर असते की काळपट सागवानातील तपशील सावलीत बुडून जातो. दार पूर्वेला असेल तर दुपारनंतर आणि पश्चिमेला असेल तर सकाळी, म्हणजे दारावर थेट ऊन नसताना, काम चांगले होते. पावसाच्या सरीनंतर लाकडाचे रेषे उठून दिसतात. आतली बाजू अंधारी असते, तिथे फ्लॅश टाळावा, कारण खडूची अक्षरे त्यात पुसट होतात. बाजूने, फळीला जवळजवळ समांतर असा विजेरीचा उजेड पाडला तर कोरलेल्या आणि दाबून लिहिलेल्या रेघाही वाचता येतात.

निळाई

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्याचा आहे. आमची वस्ती गावाच्या कडेला होती आणि आजही आहे. इथे वाड्यांच्या दारांविषयी ज्या आपुलकीने लिहिले जात आहे ती मी समजू शकतो, परंतु माझ्या आजोबांना त्याच दारांची आठवण निराळी होती. त्यांच्या आयुष्यातील मोठा काळ त्यांनी त्या उंबरठ्याच्या बाहेर उभे राहून काढला. मजुरी वरून ओंजळीत टाकली जाई. दिवाळीला मिळालेले फराळाचे पान ते बाहेरच्या दगडावरून उचलत. त्या दाराच्या आतल्या बाजूवर काय लिहिले होते हे त्यांना कधी दिसलेच नाही, आणि कदाचित त्यांच्याच मजुरीचा हिशेब तिथे लिहिलेला असेल.

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले, हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण एखादे दार उघडले ही बातमी व्हावी लागली, याचाही विचार दारांच्या छायाचित्रांसोबत व्हायला हवा. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा आमचे आजोबा तिथे गेले होते. परत आल्यावर आमच्या घराला त्यांनी कुडाची ताटी काढून लाकडी दार बसवले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, कुडाच्या भिंतीला ते दार शोभत नाही असे लोक म्हणाले, तरी त्यांनी ते बसवले, कारण त्यांना आतून कडी लावता येईल असे घर हवे होते. त्या दाराला निळा रंग दिलेला होता आणि तो आम्ही दर वर्षी १४ एप्रिलपूर्वी नव्याने देतो. त्या रंगाचे किती थर असतील हे मला सांगता येत नाही, परंतु कडीजवळ जिथे तो उडाला आहे तिथे त्याच्या छटा एकाखाली एक मोजता येतात.

माझी विनंती एवढीच आहे की गावाच्या दारांची नोंद करताना ती गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हावी. आमच्या वस्तीतील दारांवर नक्षी नाही म्हणून ती सुटू नयेत.

वर्धाकाठ

निळाई, आपण लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले. आजोळच्या कवाडावर ज्या बायांची नावे होती त्यांतील कितीजणी त्या दाराच्या आत येत असतील, हा प्रश्न आपल्या लिहिण्यामुळे माझ्यासमोर उभा राहिला आहे. काटा ओसरीवर लागत असे, हे मी वर लिहिले आहे. काही बाया ओसरीच्याही खाली, अंगणात उभ्या राहत, हेही मला आठवते आणि ते इथे लिहून ठेवले पाहिजे. आपल्या घराच्या दाराचे, रंगाच्या थरांसह, छायाचित्र आपण या धाग्यावर द्यावे अशी माझी इच्छा आहे. पुढील गावापासून मी वस्तीच्या सर्व टोकांना जाईन.

दप्तर

एका व्यवहाराच्या बाबीकडे सर्वांचे लक्ष वेधतो. जुनी दारे विकत घेणारे दलाल आता खेड्यांत सर्रास फिरतात आणि त्यांतील काहीजण समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पाहूनच गाव गाठतात. घरच्या माणसाला चार-पाच हजार रुपये आणि एक लोखंडी दार देऊन कोरीव चौकट उचलली जाते. शहरात तिचे आरशाचे मखर किंवा हॉटेलातील टेबल होते. मालकाने स्वखुशीने विकण्याला माझा आक्षेप नाही, कारण पीक बुडालेल्या वर्षी घरात पैसा हवा असतो आणि त्याला आपण बोल लावू शकत नाही. पण त्याला वस्तूची खरी किंमत माहीत असावी.

कायद्याचेही सांगतो. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून अलग केलेली वस्तूही पुरावशेषाच्या व्याख्येत येते. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. दलाल दाराशी आला तर परवाना विचारण्याचा घरमालकाला पूर्ण अधिकार आहे.

यास्तव सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र देताना तालुक्यापर्यंतच नाव द्यावे, गाव आणि घर यांची नोंद स्वतःजवळ ठेवावी. मोबाइल छायाचित्रासोबत जागेची नोंदही जोडतो. ती सोय बंद करावी किंवा पाठवण्यापूर्वी काढून टाकावी.

परकोट

दप्तर यांच्याशी सहमत आहे. मी अमरावती शहरातला असल्यामुळे खेड्याविषयी फार सांगू शकत नाही, परंतु एक साम्य नोंदवतो. पेंढाऱ्यांच्या भीतीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरावतीला परकोट बांधला गेला, त्याला जवाहर, अंबा, नागपुरी, खोलापुरी अशा दरवाजांसोबत लहान वाटाही ठेवल्या गेल्या, आणि त्यांना खिडकी म्हणतात. छत्रपुरी खिडकी, माता खिडकी ही नावे आजही पत्त्यांत आहेत. चंद्रपूरलाही चार दरवाजांबरोबर विठोबा, हनुमान, चोर, मसाण, बगड अशा खिडक्या आहेत. माजघर ताईंनी परसदाराविषयी जे लिहिले तेच शहरांच्या बाबतीतही दिसते. मिरवणुका दरवाजाने गेल्या, आणि प्रेतयात्रा, पाणी आणणाऱ्या बाया व रोजचे कामकरी खिडकीने गेले. या खिडक्यांची छायाचित्रे मी येत्या महिन्यात काढीन.

सातपुड्याचा वाटसरू

मेळघाटातील कोरकू गावांत घरे समोरासमोर दोन ओळींत असतात आणि मधून रुंद रस्ता जातो, त्यामुळे प्रत्येक दाराला समोरचे दार दिसते. तिथे एका दाराचे छायाचित्र काढणे मला अपुरे वाटते. मी गावाच्या टोकाला उभा राहून सकाळी संपूर्ण ओळ टिपतो, नंतर एकेका घराकडे वळतो. व्याघ्र प्रकल्पामुळे बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलाबाहेर हलवली गेली, तेव्हा त्या रचनेचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. बांबूच्या ताट्या तर कोणी विकतही घेत नाही, त्या दोन-चार वर्षांत बदलतात, म्हणून त्यांचे आयुष्य छायाचित्रातच टिकेल. गावातील भुमकाला (कोरकूंच्या पुजाऱ्याला) किंवा ग्रामपंचायतीच्या माणसाला आधी भेटून मग कॅमेरा काढावा.

पांढरी

मी आजवर केवळ वाचत होतो, पण सर्वांचे वाचून काल आमच्याच घराच्या दाराची नोंद केली, ती देतो. तालुका मंगरुळपीर. पुढचे दार पूर्वेला, उंची साडेपाच फूट, रुंदी साडेतीन फूट, दोन कवाडे, कुसवावर फिरणारी. भिंतीची जाडी दीड हात. गणेशपट्टीवर गणपती आणि दोन्ही बाजूंना पोपट आहेत. बाहेरच्या बाजूवर २०११ च्या जनगणनेचा क्रमांक अस्पष्ट दिसतो. आतल्या बाजूवर वडिलांनी विहिरीच्या पाण्याची पातळी दर अक्षय्यतृतीयेला परसांत, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापात, लिहिलेली आहे, आणि तीही अशी की आकडे उतरत्या क्रमाने खाली येतात. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनी ही नोंद सुरू केली होती आणि ते आकडे उजव्या कवाडावर, रंगाखाली आहेत. मागच्या दाराची नोंद आईशी बोलून करायची आहे.

एक शंका आहे. कवाडे सागवानाची आहेत हे नक्की, पण चौकट कोणत्या लाकडाची ते घरात कोणालाच सांगता येत नाही. आजोबा बीजा म्हणत, काका ऐन म्हणतात. छायाचित्रावरून ओळखता येईल का?

सुतारकी

छायाचित्रावरून सांगणे धाडसाचे होईल, कारण जुन्या लाकडाचा रंग धुराने आणि तेलाने बदललेला असतो. चौकटीचा जो भाग भिंतीत शिरला आहे त्याच्या कडेची, नजरेआड असलेली, नखाएवढी छिलपी काढावी आणि स्वच्छ काचेच्या पेल्यात साध्या पाण्यात रात्रभर ठेवावी. बीजा असेल तर पाण्याला पिवळसर रंग चढतो आणि उन्हात धरल्यावर त्यात निळी झाक दिसते. याच लाकडाचे पेले करून त्यातले पाणी मधुमेहावर पिण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ऐनाच्या छिलपीने तशी निळी झाक येत नाही. छिलपी रंग लागलेल्या भागाची घेऊ नये. उजव्या कवाडावरचे आजोबांचे आकडे वाचण्यासाठी रंग खरवडण्याची घाई करू नका. आधी उजेड यांनी सांगितल्याप्रमाणे बाजूने विजेरी धरून पाहा, कारण खिळ्याने किंवा शिसपेन्सिलीने दाबून लिहिले असेल तर रंगाच्या वरूनही ते दिसते.